चाळीस रुपयांची पितळी टोपी

श्रोतेहो, नमस्कार. गोव्याची हाफ आयर्नमॅन, म्हणजे पोहणं, सायकल आणि पळणं एकापाठोपाठ एक करायची स्पर्धा, करून आल्यापासून मला भेटेल तो एकच विचारतो, खर्च किती आला हो? म्हणून आज त्याबद्दलच बोलतो.

आधी अंतरं सांगतो, नीट ऐका. मिरामारच्या समुद्रात 1.9 किलोमीटर पोहायचं, मग 90 किलोमीटर सायकल, मग 21.1 किलोमीटर पळायचं, आणि हे सगळं साडेआठ तासांत.

पैशाचं पटकन सांगतो. सायकल मी सेकंडहँड घेतली, 45 हजारांना. हेल्मेट, बूट, तलावाची फी, स्पर्धेची फी, गोव्यातलं राहणं, सगळं धरून लाखाच्या पुढे गेलं. पण पहिल्याच वर्षी एवढं काही लागत नाही, छोट्या अंतराच्या स्पर्धा असतात, 750 मीटर पोहणं, 20 किलोमीटर सायकल आणि 5 किलोमीटर पळणं, त्या घरातल्या साध्या गियरच्या सायकलवर होतात. परत सांगतो, साध्या सायकलवर होतात. आणि पोहण्याचं म्हणाल तर आमच्या गावाकडं पाठीला भोपळा बांधून विहिरीत सोडायचे, आठवड्याभरात पोरगं पोहायला लागायचं, आता शहरातले तलाव सकाळी सहाशिवाय उघडत नाहीत, ते पाचला उघडायलाच हवेत, नोकरी करणाऱ्या माणसानं पोहायचं कधी?

आता वेळेचं. तो शनिवार मी विसरणार नाही. पहाटे पाचला सायकल घेऊन सरावाला निघालो, जुन्या कात्रज घाटातून उतरून खेड शिवापूरच्या अलीकडे पोचलो आणि मागचं चाक बसलं. छोटा पंप घरीच राहिलेला. ढकलत ढकलत ट्रकच्या पंक्चरच्या दुकानात गेलो, तिथले चाचा नुकतेच उठले होते, त्यांनी ट्यूब पाण्याच्या घमेल्यात फिरवली, बुडबुडे कुठनं येतात ते बघितलं, घासून पॅच लावला, फार सुंदर काम. पण हवा भरायला घेतली तर कॉम्प्रेसरचं तोंड बसेचना. आमच्या सायकलचा वॉल्व्ह बारीक, फ्रेंच पद्धतीचा, आणि त्यांचं नोजल मोटारसायकल-ट्रकचं. चाचांनी कापड गुंडाळून बघितलं, रबराचा तुकडा लावून बघितला, सगळी हवा बाजूनं जायची. ते म्हणाले, "भाऊ, याला एक पितळेची टोपी येते, चाळीस रुपयांची, ती असती तर दोन मिनिटांत सोडलं असतं."

साडेनऊला मुलीच्या शाळेत पालकसभा होती. तिनं आदल्या रात्रीच बजावलं होतं, बाबा तुम्हीच या. आठ वाजले, सव्वाआठ वाजले, शेवटी सायकलवाल्यांचा एक घोळका आला, त्यातल्या एका ताईंच्या पाऊचमध्ये ती टोपी होती. हवा भरली, चाचांनी पॅचचे पैसे घ्यायला नकोच म्हटलं, मी जबरदस्तीनं दिले. घरी पोचलो तेव्हा अकरा वाजून गेलेले. बायको ऑफिसातनं दोन तासांची सुट्टी काढून शाळेत जाऊन आली होती. मुलगी काही बोलली नाही, वही काढून बसली, आणि मला ते फार लागलं.

त्या दिवशी मी हिशोब मांडला. आठवड्याला दहा तास ट्रेनिंग, वीस आठवडे, म्हणजे 200 तास, दोनशे तास, त्यात तलावाला जाणं-येणं, सायकल पुसणं, दुपारची झोप धरलीच नाही. हे तास माझे एकट्याचे नव्हते, त्या वेळात डबे, दूध, अभ्यास, सासूबाईंची औषधं कुणीतरी बघत होतं.

तर तुमच्या घरात कुणी हे करायचं म्हणत असेल तर सायकलच्या दुकानात जायच्या आधी घरात बसून बोला. परत सांगतो, सायकल घ्यायच्या आधी. आमच्याकडं आता स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर, जिथं दुधाचे खाडे मांडतो तिथंच, बायको लाल पेननं तिच्या सुट्टीच्या सकाळी लिहिते, त्या दिवशी मी सायकल काढत नाही. पालकसभेची तारीख मुलगी स्वतः लिहिते. आणि ती पितळी टोपी आता कायम सीटखालच्या पाऊचमध्ये असते, दोन आहेत, एक माझ्यासाठी आणि एक रस्त्यात कुणाला लागली तर.

नमस्कार.