चमक कुठून येते: वॉशिंग सेंटरचं पॉलिश आणि गाडीचं लॅकर

(दृश्य: वॉशिंग सेंटर. रॅम्पवर गाडी, पाण्याचा फवारा. बाजूला दुसऱ्या गाडीच्या बोनेटवर बफिंग मशीन फिरतंय.)

गाडी धुवायला नेली की हा प्रश्न हमखास येतो. ‘साहेब, रबिंग-पॉलिश करून देऊ का? नवीकोरी दिसेल.’ आणि दिसतेही. संध्याकाळी गाडी हातात येते तेव्हा बोनेटमध्ये समोरच्या झाडाची पानं मोजता यावीत इतकी चकाकी असते. मग गाडी दोन-तीनदा धुतली जाते. एके दिवशी दुपारच्या उन्हात बघावं, तर सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक गोल रेषा. मालक म्हणतो, पॉलिश उतरलं. त्या रेषा पॉलिशच्या दिवशीही तिथेच होत्या. त्यांत तेल भरलेलं होतं, म्हणून दिसत नव्हत्या इतकंच.

अशा पॉलिशनं रंग खराब होतो का, याचं उत्तर शोधायचं तर आधी रंगाच्या आत डोकवायला हवं.

(दृश्य: पत्र्यावरच्या थरांचं रेखाचित्र, खालून वर एकेक थर उमटतो.)

चाकणला किंवा नाशिकला गाडी तयार होते तेव्हा उघड्या पत्र्याची बॉडी आधी धुतली जाते, तिच्यावर फॉस्फेटचा हात दिला जातो आणि मग ती अख्खी रंगाच्या हौदात बुडवतात. हौदात विजेचा प्रवाह सोडलेला असतो, त्यामुळे रंग कानाकोपऱ्यात जाऊन चिकटतो. हा गंजरोधक थर साधारण 20 मायक्रॉनचा. तो भट्टीत 160 ते 180 अंशांना भाजला जातो. त्यावर प्रायमर, 30 ते 35 मायक्रॉन. त्यावर ज्याला आपण गाडीचा रंग म्हणतो तो, जेमतेम 15 मायक्रॉन. आणि सगळ्यात वर पारदर्शक लॅकर, म्हणजे क्लिअर कोट, साधारण 40 मायक्रॉन. हे आकडे कंपनीप्रमाणे आणि रंगाप्रमाणे थोडे बदलतात, पण सगळी बेरीज बहुतेक गाड्यांत 100 ते 130 मायक्रॉनच्या आसपास येते.

एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. डोक्याचा केस साधारण 70 मायक्रॉन जाड असतो. लॅकर त्याच्या निम्म्याहून थोडं जास्त. ऊन, पाऊस, पक्ष्यांची विष्ठा, कोकणातली खारी हवा, हे सगळं झेलायला एवढीच भिंत.

या लॅकरमध्ये अतिनील किरण शोषून घेणारी रसायनं मिसळलेली असतात. खालचा रंग उन्हात टिकतो तो त्यांच्यामुळे. लॅकर पातळ झालं की हे संरक्षणही तेवढंच कमी होतं.

(दृश्य: ओरखड्याचा आडवा छेद. दोन्ही बाजूंचं लॅकर हळूहळू खाली येतं, ओरखडा नाहीसा होतो.)

आता रबिंग. ओरखडा म्हणजे लॅकरमधली चर. ही चर दोन मायक्रॉन खोल असेल, तर ती घालवायला आजूबाजूचं लॅकर दोन मायक्रॉन खाली आणावं लागतं. मशीन कितीही महाग असो, यातून सुटका नाही. बारीक फिनिशिंग पॉलिश मऊ फोमनं फिरवलं तर एका वेळी एक मायक्रॉनपेक्षाही कमी निघतं. मध्यम पॉलिशनं एक ते दोन. जाड कंपाउंड, म्हणजे खरखरीत घासणारी पेस्ट, आणि लोकरीचा पॅड वापरला की तीन ते पाच, आणि कारागिरानं दाबून धरलं तर त्याहून जास्त.

समजा दर सहा महिन्यांच्या पॅकेजमध्ये तीन मायक्रॉन गेले. चार वर्षांत आठ पॉलिशं, 24 मायक्रॉन. चाळिसातले उरले सोळा. जाणते डिटेलर, म्हणजे गाडी चमकवण्याचंच काम करणारे कारागीर, गाडीच्या संपूर्ण आयुष्यात लॅकरचा पाव हिस्सासुद्धा काढायला कचरतात. इथे चार वर्षांत निम्म्याहून जास्त संपलं, आणि गाडी तर वरून चकचकीतच दिसते. मालकाला काही कळायला मार्ग नसतो.

(दृश्य: बफिंग मशीनचा जवळून शॉट. लोकरीच्या पॅडवर वाळलेल्या कंपाउंडचे गोळे.)

पॉलिश ही मुळात वाईट गोष्ट नाही. नीट केलेलं एक पॉलिश गाडीचं रूप वर्षानुवर्षांसाठी पालटू शकतं. बिघडतं ते घाईत. एका गाडीचं पॉलिश नीट करायला दिवसाचे सहा-आठ तास लागतात. रांगेत पाच गाड्या उभ्या असलेल्या सेंटरवर ते पाऊण तासात उरकलं जातं, आणि मग कुठे कुठे काटछाट होते ते बघा.

पहिली काटछाट धुण्यात. गाडी हाताला स्वच्छ लागली तरी लॅकरवर ब्रेकच्या लोखंडी कणांचा, डांबराच्या शिंतोड्यांचा थर चिकटलेला असतो. प्लॅस्टिकच्या पिशवीत हात घालून धुतलेल्या बोनेटवरून बोटं फिरवा, खरखर लगेच जाणवेल. ती क्ले बारनं, म्हणजे मऊ मातीसारख्या वडीनं, काढायची असते. नाही काढली, तर तेच कण पॅडमध्ये अडकून गोल गोल फिरतात आणि पॉलिशच ओरखडे पाडायला लागतं.

दुसरी पॅडमध्ये. सकाळपासून तोच लोकरीचा पॅड. त्यात आधीच्या गाडीचं लॅकर आणि वाळलेलं कंपाउंड कडक होऊन बसलेलं. खरं तर प्रत्येक दरवाजानंतर पॅड ब्रशनं किंवा हवेच्या झोतानं साफ करायचा आणि गाडीमागे दोन-चार पॅड बदलायचे.

तिसरी, आणि सगळ्यात महागात पडणारी, उष्णतेत. साधं रोटरी मशीन एकाच अक्षावर मिनिटाला दोन हजार फेऱ्या सहज मारतं. एकाच जागी क्षणभर रेंगाळलं तरी घर्षणानं लॅकर तापून मऊ पडतं. त्यात गाडी उन्हात उभी असली, तर पत्रा आधीच हात ठेववत नाही इतका तापलेला. बोनेटची कड, दरवाजाची धार, फेंडरवरची उठावदार रेघ, इथे सगळा दाब बोटभर जागेवर येतो आणि लॅकर तर कडेला मुळातच पातळ बसलेलं असतं. तिथे काही सेकंदांत लॅकर आरपार जातं, खालचा रंग किंवा प्रायमर दिसायला लागतो. प्लॅस्टिकच्या बंपरमधून उष्णता पत्र्यासारखी पसरत नाही, म्हणून तिथे धोका अधिकच. ही जखम पॉलिशनं भरत नाही, तो भाग पुन्हा रंगवावाच लागतो.

आणि शेवटी ते तेल. रबिंगनंतर राहिलेल्या रेषा लपवायला भरणारं ग्लेझ किंवा सिलिकॉन चोळतात. शाम्पूच्या दोन-तीन धुण्यांत ते निघून जातं. मालक परत येतो, परत रबिंग होतं, परत लॅकर उतरतं. हे चक्र कुणी मालकाला समजावून सांगत नाही, याचं आम्हाला फार वाईट वाटतं.

(दृश्य: जुन्या गाडीचं छप्पर. पांढरट डाग, सालपटं निघालेलं लॅकर.)

असं लॅकर अखेरीस कसं हार मानतं, ते छपरावर आणि बोनेटवर आधी दिसतं, कारण ऊन तिथे थेट पडतं. पातळ झालेल्या लॅकरमधून किरण रंगाच्या थरापर्यंत पोचतात, रंग आणि लॅकर यांची पकड सुटते. सुरुवातीला पांढरट धुरकट डाग, मग कांद्याच्या पापुद्र्यासारखी सालं. हे पॉलिशच्या दिवशी होत नाही, दोन-तीन वर्षांनी होतं. म्हणून दोष जातो उन्हाला, नाहीतर कंपनीला. सालं निघायला लागल्यावर पॉलिश मारलं तर ती आणखी सुटतात.

जुन्या पद्मिनी किंवा अँबॅसॅडरचा हिशेब वेगळा. त्यांच्या रंगावर वेगळं लॅकर नसे, रंगच वरचा थर. पॉलिश करताना फडक्याला गाडीचा रंग लागायचा आणि त्यात घाबरण्यासारखं काही नव्हतं. लॅकरवाल्या गाडीत मात्र पॅडवर गाडीचा रंग दिसला, की हात तिथल्या तिथे थांबवायचा. लॅकर संपलं आहे.

‘टेफ्लॉन कोटिंग’बद्दल थोडं. टेफ्लॉन वितळतं 327 अंशांच्या आसपास, आणि तव्यावर ते धरतं तेही तेवढ्या उष्णतेत भाजल्यावर. गाडीच्या रंगाला एवढी उष्णता देता येत नाही. म्हणजे हातानं चोळलेल्या डब्यातलं जे काम करतं, ते त्यातलं वॅक्स किंवा सिलिकॉन. सिरॅमिक कोटिंगमध्ये खरोखर दम असतो, पण तो थर जेमतेम एखादा मायक्रॉनचा. डब्यावरचा ‘9 एच’ हा पेन्सिलीच्या कठीणपणाचा आकडा आहे, रस्त्यावरच्या खडीपुढे त्याचा उपयोग नाही. आणि कोटिंगआधी जे पॉलिश होतं, लॅकर जातं ते तिथेच. तेव्हा कोटिंगचा भाव विचारताना त्याआधी काय आणि कशानं घासणार, हेही विचारा.

(दृश्य: बोनेटवर जाडीमापक टेकवलेला. पडद्यावर आकडा: 112.)

चांगला कारागीर मशीन हातात घेण्याआधी हे छोटं यंत्र काढतो. प्रत्येक भागावर चार-पाच ठिकाणी मोजतो. 100 ते 130 असेल, तर कंपनीचा रंग. दोनशेच्या वर गेला, तर तो भाग कधीतरी रंगवलेला. पाचशे-हजार आला, की खाली लांबी, म्हणजे पुट्टी, भरलेली आहे. आणि 80 किंवा त्याहून कमी दिसलं, तर आधीच बरंच घासलं गेल्याची शक्यता धरून तिथे फार तर हातानं वॅक्स लावायचं. हे यंत्र सगळ्या थरांची बेरीज दाखवतं, एकट्या लॅकरची जाडी सांगत नाही. साधं मापक प्लॅस्टिकच्या बंपरवर चालतही नाही. म्हणून आकडा ठीक आला तरी हात सांभाळूनच चालवायचा.

मग सावलीत, थंड पत्र्यावर, कडांना आणि रबरांना मास्किंग टेप लावायची. मशीन ड्युअल ॲक्शन, म्हणजे स्वतःभोवती फिरत फिरत झुलणारं. ते एका जागी उष्णता साठू देत नाही. आधी हातभर जागेवर चाचणी, सगळ्यात मऊ पॅड आणि सगळ्यात सौम्य पॉलिशपासून. त्यानं भागलं, तर पुढे जायचंच नाही. पॅडवर वाटाण्याएवढे चार-पाच थेंब, दोन फूट बाय दोन फुटांचा चौकोन, आधी आडवे मग उभे असे तीन-चार हात. मग एक भाग आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि तीन-चार भाग पाणी, असं मिश्रण फवारून पुसायचं. तेल निघून जातं आणि टॉर्चच्या उजेडात खरी स्थिती दिसते. वॉशिंग सेंटरवर हीच पायरी मागून बघा. अल्कोहोलनं पुसल्यावर रेषा परत आल्या, तर तुम्ही तेलाचे पैसे दिलेत.

नखाला अडकणारा ओरखडा पॉलिशनं पूर्ण काढू नये. तेवढं लॅकर तिथे नसतं. त्याची धार थोडी बोथट करून किंवा टच-अप देऊन सोडून द्यावा.

(दृश्य: सकाळची सोसायटी. एक बादली, एक फडकं, ओळीनं उभ्या गाड्या.)

रेषा मुळात येतात कुठून, तर इथून. एका बादलीत वीस गाड्या. पहिल्या गाडीची धूळ फडक्यात, तेच फडकं दुसरीच्या बोनेटवर. सुक्या धुळीवर फिरवलेली झटकणी तर काचपेपरच. हे रोज घडतं, आणि मग वर्षात दोनदा रबिंगची गरज भासते. रोज पुसू नका, आठवड्यातून एकदा धुवा. आधी नुसतं पाणी मारून माती सैल करून वाहू द्यायची. मग दोन बादल्या, एकीत शाम्पू, दुसरीत फडकं खंगाळायला साधं पाणी. वरून खाली यायचं, छपरापासून सुरू करून दरवाजांचा खालचा भाग शेवटी. कपड्यांची धुण्याची पावडर नको, ती वॅक्स उतरवते आणि रबर कोरडं पाडते. बोअरचं पाणी उन्हात वाळू दिलं तर क्षारांचे गोल डाग पडतात, म्हणून लगेच मोठ्या मायक्रोफायबरनं टिपून घ्यायचं, घासायचं नाही. ते फडकं हातातून जमिनीवर पडलं, तर त्या दिवशी पुन्हा गाडीला लावायचं नाही. चाकांसाठी वेगळ्या ठेवलेल्या फडक्यांत टाकायचं.