खांदेरी दिसली की रेंज येते

श्रोतेहो, नमस्कार.

आपल्या देशात फाइव्ह-जी सुरू झालं १ ऑक्टोबर २०२२ रोजी. ते पुरतं अंगवळणी पडायच्या आत सिक्स-जीच्या बातम्या येऊ लागल्या. "आणखी एक जी कशाला हवा?" असं परवा माझी बहीण विचारत होती. तिला दिलं तेच उत्तर तुम्हाला देतो. जिथे रेंज नाही, तिथे रेंज यावी म्हणून.

जिनीव्हाच्या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेने नोव्हेंबर २०२३ मध्ये याचा आराखडा मंजूर केला. त्याचं नाव आयएमटी-२०३०. म्हणजे साधारण २०३० चा सुमार धरून चाला. आपल्या सरकारचा 'भारत ६जी' आराखडा त्याआधीच, मार्च २०२३ मध्ये आला होता. फाइव्ह-जीची आखणी एका चौरस किलोमीटरमध्ये १० लाख उपकरणं धरून झाली. सिक्स-जीसाठी हा आकडा १० कोटींपर्यंत नेण्याचा विचार आहे. वेगही वाढेल. पण वेगाची एक अडचण आहे. भरपूर वेग हवा तर वरच्या पट्टीतल्या लहरी वापराव्या लागतात, आणि त्या लांब जात नाहीत, भिंतीत अडतात. गणपतीची मिरवणूक आठवा. दोन गल्ल्या पलीकडून आधी ढोल ऐकू येतो, ताशा ऐकू येतो तो मिरवणूक कोपऱ्यावर आल्यावर. खालची पट्टी लांब जाते, वरची जवळच राहते.  

मग लांबवर पोहोचायचं कसं? आकाशातून. जमिनीपासून पाच-सहाशे किलोमीटरवर फिरणारे उपग्रह आणि जमिनीवरचे टॉवर, दोघांचं मिळून एकच जाळं. खिशातला साधा फोन टॉवर सुटला की उपग्रहाला धरेल. त्या आराखड्यात सहा उपयोग सांगितलेत, त्यातला 'सर्वदूर जोडणी' हा मला सगळ्यांत मोलाचा वाटतो. पुन्हा सांगतो, जिथे रेंज नाही, तिथे रेंज. का मोलाचा, ते ऐका.

माझा मामा तांडेल, म्हणजे मासेमारी बोटीचा कप्तान. त्याची बोट ससून डॉकला लागायची. पंधराएक वर्षांपूर्वी नारळी पौर्णिमा झाल्यावर मी हट्टाने त्याच्याबरोबर गेलो. आठ दिवसांची फेरी. किनारा सुटून काही तास झाले की फोनवरच्या काड्या एकेक करून जातात. मग सगळे खलाशी आपापले फोन प्लास्टिकच्या पिशवीत घालून, रबर लावून केबिनमध्ये ठेवून देतात. बोटीवर वायरलेस होता, पण त्यावर बोलायचं ते आसपासच्या बोटींशी.

एका तरुण खलाशाची बायको पहिल्या बाळंतपणाला माहेरी गेलेली, पेणला. दिवस भरत आलेले. आठ दिवस त्याने जाळं ओढलं, मासळी निवडली, बर्फ फोडला. त्या विषयावर एक शब्द काढला नाही. रात्री मात्र एकटाच नाळीवर, बोटीच्या पुढच्या टोकाला, बसून राहायचा.

परतताना खांदेरी दिसली, अलिबागजवळचा समुद्रातला किल्ला. मामा म्हणाला, "आता रेंज येईल." आणि खरंच, पिशवीतले सगळे फोन एकदम वाजायला लागले. त्या पोराच्या फोनवर अकरा मिस्ड कॉल होते, सगळे सासऱ्याच्या नंबरावरून. त्याचे हात थांबले. अकरा वेळा फोन कोण कशाला करतं? फोन त्याने मामाच्या हातात दिला. "तांडेल, तुम्हीच लावा."

मामा केबिनच्या टपावर चढला. दोनदा लागला नाही. तिसऱ्यांदा लागला. "मुलगी झाली रे! चार दिवसांची आहे!"

चार दिवस तो बाप होता आणि त्याला ठाऊक नव्हतं. बोटीवर आरडाओरडा झाला, कुणी त्याला उचललं. तो खाली उतरला आणि एवढंच म्हणाला, "आणि ती कशी आहे?"

मामाने विचारलं, तर फोन कट झालेला. रेंज गेली होती.

मग सगळे गप्प. इंजिनाचा तेवढा आवाज. बर्फाला कुणी हात लावला नाही, चहा तसाच राहिला. वीस मिनिटं असतील, मला ती फार मोठी वाटली. मामा टपावरून उतरलाच नाही, फोन वर धरून उभा राहिला. पुन्हा रिंग गेली तेव्हा त्याने काही न बोलता फोन त्या पोराच्या कानाला लावला.

पलीकडून ती स्वतःच बोलत होती.