विरळ हवेतली वसुली

(दृश्य: पहाटेचा निळसर उजेड. रस्त्याच्या दोन्ही कडांना माणसापेक्षा उंच बर्फाच्या भिंती. मधून एक स्नोमोबाइल जाते. आवाज आधी येतो, दिवा नंतर.)

हे कुक सिटी. अमेरिकेतल्या मोंटाना राज्यातलं गाव. नावात सिटी असली तरी हिवाळ्यात इथे शंभर माणसंही कायमची राहत नाहीत. एकच रस्ता, त्यावर काही लॉज, एक-दोन पेट्रोलपंप, चार खानावळी. येलोस्टोन नॅशनल पार्कच्या ईशान्य फाटकाजवळ, समुद्रसपाटीपासून साधारण २,३०० मीटरवर. थंडीत मोटारीने इथे पोचायची वाट एकच: पार्कमधून, लामारच्या खोऱ्यातून. रस्त्यात बायसनचा कळप उभा असेल तर तो हलेपर्यंत थांबायचं, हॉर्न वाजवून काही होत नाही. गावाच्या पूर्वेला रस्ता संपतो. म्हणजे तो असतो, पण वसंतापर्यंत बर्फाखाली असतो.

पुढे सगळं स्नोमोबाइलवर. आपल्याकडे लोक दुधाची पिशवी आणायला स्कूटर काढतात, तसे इथले लोक नाश्त्याला जायला ही काढतात.

गुलमर्गला किंवा सोलंगला बर्फात एक चक्कर मारून फोटो काढला असेल, तर या यंत्राशी तुमची तोंडओळख आहे. पुढे दोन स्की, मागे रबराचा रुंद पट्टा, मध्ये इंजिन आणि वर तुम्ही. डोंगरात चढणारी गाडी मात्र त्या गाडीची तालमीत गेलेली चुलत बहीण. हिचा पट्टा १६५ इंच लांब, म्हणजे चार मीटरच्या वर. त्यावर रबराचे तीन-तीन इंच उंच वल्ह्यासारखे दात. कमरेएवढ्या भुसभुशीत बर्फात ही चालते म्हणण्यापेक्षा पोहते. गाडीचं वजन २०० किलोच्या आसपास, आणि मालकाला त्यातला एकेक किलो ठाऊक असतो.

(दृश्य: गॅरेज. शटर अर्धं वर. बाकावर पुठ्ठ्याचं मोठं खोकं. हात पट्टी कापतात.)

आज या गॅरेजात एका गाडीला टर्बो किट, म्हणजे इंजिनात जास्तीची हवा दाबून भरणारं यंत्र, बसणार आहे. खोक्यातून एकेक वस्तू बाहेर येते. नारळाएवढा टर्बो, ॲल्युमिनियमचे पाइप, दाबलेली हवा थंड करणारा इंटरकूलर, सिलिकॉनचे होज, पेट्रोलचा जास्तीचा पंप, वायरिंगचं भेंडोळं, आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत नटबोल्ट. नटबोल्टची पिशवी सगळ्यात आधी मोजली जाते. रात्री दहा वाजता एक बोल्ट कमी आहे हे कळण्याइतका मनस्ताप दुसरा नाही.

आता प्रश्न असा, की साडेआठशे सीसीच्या इंजिनाला आणखी ताकद हवीच कशाला? उत्तर खिडकीबाहेर आहे. इथून वर डेझी पास या खिंडीकडे गेलं की उंची २,९०० मीटरच्या पुढे जाते. आणि उंची ही जकातनाक्यासारखी असते. दर तीनशे मीटरला इंजिनाच्या ताकदीतले सुमारे तीन टक्के कापून घेते, पावती देत नाही. समुद्रकाठी १६५ अश्वशक्ती देणारं इंजिन ३,००० मीटरवर १२० च्या आसपास येतं. बिघाड काहीच नसतो. तिथे हवेचा दाब खालच्या सत्तर टक्केच उरलेला असतो, त्यामुळे प्रत्येक फेरीत सिलिंडरमध्ये कमी ऑक्सिजन जातो, आणि तेवढंच कमी पेट्रोल जळतं.

टर्बो ही कापलेली जकात परत मागतो. सायलेन्सरमधून वाया जाणाऱ्या गरम धुराने एक चक्र फिरवायचं, त्याच दांड्यावर दुसऱ्या टोकाला पंखा बसवायचा, आणि त्या पंख्याने बाहेरची विरळ हवा दाबून इंजिनात भरायची. फिरण्याचा वेग मिनिटाला लाखाच्या वर. पण लागणारा दाब ऐकून हसू येईल. ३,००० मीटरवर समुद्रकाठचा दाब परत आणायला साधारण साडेचार पीएसआय पुरतात. स्कूटरच्या चाकात त्याच्या सहा-सात पट हवा असते.

(दृश्य: जुना कृष्णधवल फोटो वाटावा अशी डोंगराची चौकट. मग कोलोरॅडोतलं पाइक्स पीक.)

ही युक्ती डोंगरातच सिद्ध झाली, हे मला फार आवडतं. टर्बोचं मूळ पेटंट स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्यूखीचं, १९०५ सालचं. पहिल्या महायुद्धात विमानं उंच गेली की त्यांची इंजिनं मलूल पडत. १९१८ मध्ये जनरल इलेक्ट्रिकचे इंजिनीअर सॅनफर्ड मॉस यांनी लिबर्टी हे विमानाचं इंजिन ट्रकवर चढवलं आणि थेट पाइक्स पीकच्या माथ्यावर नेलं. ४,३०० मीटरवर. खाली ३५० अश्वशक्ती देणारं ते इंजिन माथ्यावर २३० वर आलं होतं. टर्बो जोडल्यावर ३५६ झालं. विमान उडवून बघायच्या आधी डोंगर चढून बघितला. शंभर वर्षांनी हे गॅरेज तेच करतंय, फक्त ट्रकची गरज उरलेली नाही.

(दृश्य: गाडीचे पत्रे उतरलेले. पोट फुगलेला एक्झॉस्ट पाइप क्लोजअपमध्ये.)

काम सुरू होतं ते सायलेन्सर काढण्यापासून. टर्बो त्याच्याच जागी बसतो. त्याच्या अलीकडचा हा फुगीर पाइप मात्र हलवायचा नाही. आरएक्स १०० वर जीव टाकणाऱ्यांना याचं महत्त्व सांगायला नको. टू-स्ट्रोकला फोर-स्ट्रोकसारखे व्हॉल्व्ह नसतात. धूर बाहेर जाताना त्याच्यामागून ताजं मिश्रणही निसटायला बघतं, आणि या पाइपच्या पोटातून उलटलेली दाबाची लाट ते परत आत ढकलते. आता या पाइपच्या तोंडाशी टर्बोचं बूच बसणार. एका बाजूने हवा जास्त आत येणार, दुसऱ्या बाजूने धुराची वाट अडणार. ही दोन्ही गणितं जुळली तरच किट चालतं.

मग एक साधा प्रश्न येतो, जो मोटारीच्या टर्बोला कधी पडत नाही. टर्बोच्या दांड्याला तेल कुठून द्यायचं? मोटारीत इंजिनाखाली तेलाची टाकी असते, तेल फिरत राहतं. टू-स्ट्रोक आपलं तेल पेट्रोलबरोबर जाळून टाकतो, आपल्या जुन्या स्कूटरींच्या टू-टी ऑइलसारखं. फिरतं तेलच नाही. म्हणून काही किटमध्ये टर्बोसाठी वेगळी, चहाच्या थर्मासएवढी तेलाची टाकी आणि छोटा विजेचा पंप देतात. तो कुठे बसवायचा यावर इथे पाऊण तास गेला. पट्ट्याच्या बाजूला बर्फ उडतो, पाइपच्या बाजूला रबर वितळतं. शेवटी बॅटरीशेजारी जागा सापडली. दोन टाय, एक जुनी पट्टी. कारागिरी म्हणजे अनेकदा असलीच जागा शोधणं असतं.

हवा वाढली की पेट्रोल वाढायलाच हवं. नाहीतर मिश्रण कोरडं पडतं, उष्णता चढते, आणि मिश्रण ज्योत पोचायच्या आधीच आपोआप स्फोटासारखं पेटतं. मेकॅनिक त्याला नॉकिंग म्हणतो. या इंजिनात नॉकिंगचा आवाज ऐकू येईपर्यंत बहुतेक वेळा पिस्टनच्या माथ्याला भोक पडलेलं असतं. म्हणून इंजिनाच्या कॉम्प्युटरला नवीन आकडे शिकवायचे, जास्त पेट्रोल द्यायचं, हेडमधलं कॉम्प्रेशन, म्हणजे मिश्रण किती दाबलं जातं ते, थोडं उतरवायचं.

इथेच एक गंमत आहे. या डोंगरी राज्यांत पंपावर ८५ ऑक्टेनचं पेट्रोल सर्रास मिळतं, खाली मैदानात मिळतं त्यापेक्षा हलकं. (ऑक्टेनचा आकडा जितका मोठा, तितकं पेट्रोल नॉकिंगला कमी बळी पडतं.) जुनी समजूत अशी, की विरळ हवेत नॉकिंग कमी होतं, मग महागडं पेट्रोल कशाला. टर्बो बसवला की ही सवलत संपली. इंजिनाच्या दृष्टीने तुम्ही पुन्हा समुद्रकाठी आलात, तेव्हा ९१ ओता. (तिथलं ९१ आणि आपल्या मोजणीतलं ९१ एक नव्हे. मोजायची पद्धत वेगळी आहे. तिथलं ९१ आपल्या हिशेबात ९५-९६ च्या घरात जातं.) पंपावरच्या पेट्रोलवर चालणारी मवाळ किट पाच-सहा पीएसआयवर थांबतात. ज्यांना त्याच्याही वर जायचं असतं ते रेसिंगचं पेट्रोल कॅनमध्ये घेऊन फिरतात.

(दृश्य: उघडा क्लच. हातात तीन छोटे लोखंडी तुकडे. शेजारी सोनाराकडे असतो तसा वजनकाटा.)

आता ज्या भागाकडे नवखा माणूस ढुंकूनही बघत नाही, तो भाग. क्लच.

ॲक्टिव्हा सर्व्हिसिंगला दिली की मेकॅनिक कधीतरी म्हणतो, रोलर झिजलेत, बदलून टाकू. ते रोलर ज्या पुलीत असतात तिला व्हेरिएटर म्हणतात. वेग वाढला की रोलर बाहेर सरकतात, पुली मिटते, पट्टा वर चढतो आणि गिअर न टाकता गिअर बदलतो. स्नोमोबाइलमध्ये हीच करामत आहे, फक्त रोलरऐवजी लोंबती वजनं असतात. त्या वजनांच्या ग्रॅमवर सगळा खेळ. टू-स्ट्रोकची खरी ताकद मिनिटाला आठ हजार फेऱ्यांच्या आजूबाजूला, एका चिंचोळ्या पट्टीत असते. इंजिन त्या पट्टीत धरून ठेवणं हे क्लचचं काम. ताकद वाढली आणि वजनं तीच राहिली तर इंजिन पट्टी ओलांडून उगाच ओरडत सुटतं, गाडी पुढे जात नाही. वजनं जास्त झाली तर इंजिन पट्टीपर्यंत पोचतच नाही, आणि टर्बोला फिरायला धूरही पुरत नाही.

म्हणून गॅरेजातला हा माणूस एकेक तुकडा काट्यावर ठेवतोय. वहीत तारीख, उंची, तापमान, ग्रॅम असे चार रकाने. किट विकत घेणारे अनेक भेटतात. अशी वही ठेवणारे थोडे. माझ्या मते डोंगरातल्या बंद पडलेल्या निम्म्या टर्बोंचा दोष टर्बोकडे नसतो, तो या न लिहिलेल्या वहीकडे असतो.

आता कंपन्याही मागे नाहीत. स्की-डूने २०२१ च्या मॉडेलमध्ये कारखान्यातूनच टर्बो बसवलेली टू-स्ट्रोक गाडी आणली, ८,००० फुटांपर्यंत १६५ अश्वशक्ती टिकवणारी. पुढच्याच वर्षी पोलारिसचीही आली. मग किट कोण घेतं? ज्याची जुनी गाडी अजून धडधाकट आहे तो, आणि ज्याला स्वतःच्या हाताने केल्याशिवाय झोप येत नाही तो. दोघांनाही वॉरंटीवर पाणी सोडावं लागतं. धुराचे कायदेही आहेत. अमेरिकेत स्नोमोबाइलच्या धुराला २००६ च्या मॉडेलपासून मर्यादा लागू आहेत, म्हणून पुष्कळ किटवर ‘फक्त स्पर्धेसाठी’ असा शिक्का असतो. हा शिक्का किती जण वाचतात, हे रविवारी सकाळी पार्किंगमध्ये उभं राहिलं की दिसतं.

(दृश्य: दुसरा दिवस. निरभ्र आकाश. सात-आठ गाड्या ओळीने. एक माणूस वाटेत उभा, प्रत्येक जण त्याच्यासमोरून जातो.)

हे टोलनाकं वाटलं तरी ही बीकनची तपासणी आहे. प्रत्येकाच्या छातीवर एक छोटं यंत्र असतं, ४५७ किलोहर्ट्झवर संदेश सोडणारं. बर्फाखाली माणूस गाडला गेला तर बाकीच्यांनी त्या संदेशावरून त्याला शोधायचं, काठीने टोचून खात्री करायची, फावड्याने उकरायचं. पहिली दहा-पंधरा मिनिटं हातात असतात. त्यानंतर जगण्याची शक्यता झपाट्याने उतरते. तेवढ्या वेळात गावातून मदत येत नाही. मदत म्हणजे हेच सात-आठ जण.

टर्बोशी याचा संबंध आहे. या छंदात एक खेळ आहे, हायमार्किंग. उतारावर जमेल तितकं सरळ वर जायचं, दम संपता संपता वळायचं, आपली खूण दुसऱ्यापेक्षा वर ठेवायची. हिमस्खलनं बहुतेक ३० ते ४५ अंशांच्या उतारांवरून सुटतात, आणि हायमार्किंगला नेमके तेच उतार लागतात. साधं इंजिन जिथे मध्येच दमून वळायचं, तिथे टर्बोवालं इंजिन वर, वाऱ्याने बर्फ साचवलेल्या कड्याखाली पोचतं. १३ मार्च २०१० ला कॅनडात, ब्रिटिश कोलंबियातल्या रेव्हलस्टोकजवळ बोल्डर माउंटनवर सुमारे दोनशे लोक असाच खेळ बघायला आणि खेळायला जमले होते. वरून बर्फ सुटला. दोघे गेले, तीसेक जखमी झाले. बघणारे उताराच्या पायथ्याशी उभे होते.

म्हणून इथे सकाळी पहिला फोन बोझमन शहरातल्या हिमस्खलन केंद्राचा अंदाज बघायला उघडतो. आजचा अंदाज बरा आहे. तरी उतारावर एका वेळी एकच गाडी. बाकीचे बाजूला, गाडी वर डोंगराकडे तोंड करून नाही, पळायच्या दिशेला तोंड करून.

(दृश्य: उतार. गाडी पांढऱ्या धुरळ्यात दिसेनाशी होते. फक्त आवाज. मग वरच्या टोकाला एक वळण.)

वर, झाडांच्या पलीकडे, एक हद्द आहे. ॲब्सरोका-बेअरटूथ अभयारण्य. १९७८ पासून तिथे मोटारीचं कोणतंही वाहन चालत नाही. टर्बो असो नसो, चाक असो पट्टा असो. गाडी तिथून वळते.

(दृश्य: गॅरेज, संध्याकाळ. इंजिन अजून टिकटिकतंय. प्लग काढलेला.)

प्लगच्या भोकातून बारीक टॉर्च आत सोडून तो पिस्टनचा माथा बघतो. काळ्या काजळीत कडेला नखाएवढे चकचकीत धुतलेले डाग आहेत. आत येणाऱ्या पेट्रोलने काजळी धुतली जाते ती जागा. डाग दिसेनासे झाले तर पेट्रोल कमी पडतंय, पसरट झाले तर जास्त होतंय. डाग ठीक आहेत. फेऱ्या मात्र माथ्याजवळ दोनशेने जास्त गेल्या होत्या.

तो वही उघडतो, आजचं तापमान लिहितो, उणे १४. क्लचचं झाकण काढतो, तिन्ही तुकडे काट्यावर ठेवतो, आणि डबीतून प्रत्येकाला एकेक छोटा रिव्हेट शोधायला लागतो.