शेजारी कोण हाय? : ऊसपट्ट्यातल्या ड्रोनवाल्याची गिऱ्हाइकं

[पहाट. कृष्णाकाठ, पलूस तालुका. धुक्यातून वर आलेले उसाचे शेंडे. फोन वाजतो.]

सकाळचे पावणेसहा. पलीकडून खर्जातला आवाज येतो.

"ड्रोनवालं का? एक एकर मारायचंय."

गाव कुठलं, औषध कुठलं, कधी येऊ, असं काही हा तरुण विचारत नाही. तो विचारतो, "शेजारी कोण हाय?"

फोनवर शांतता. औषध मारायचं माझ्या उसाला, त्यात शेजाऱ्याचा काय संबंध?

संबंध आहे. ह्या धंद्याचं सगळं गणित त्या एका प्रश्नात आहे आणि ते कळायला त्याला पहिलं अख्खं वर्ष लागलं.

[छोट्या टेम्पोतून ड्रोन उतरवताना. दुमडलेले हात उघडतात.]

दहा लिटरच्या टाकीचा हा ड्रोन. टाकी भरून वजन पंचवीस किलोच्या आत बसतं, आणि ते मुद्दाम तसं बसवलेलं असतं. पंचवीस किलोच्या पुढं गेलं की सरकारी वर्गवारीत तो 'स्मॉल'मधून 'मीडियम'मध्ये जातो आणि परवान्याचं प्रकरण बदलतं. एक एकर फवारायला ह्याला सात-आठ मिनिटं पुरतात. जाहिरातीत दिसतात ती एवढीच मिनिटं.

जाहिरातीत बाकीचं दिसत नाही. टेम्पो पाणंदीतनं आत घालायचा. जनरेटर उतरवायचा, बॅटऱ्या चार्जिंगला लावायच्या. औषध कालवायचं. शेताच्या कडेनं हिंडून मोबाइलवर हद्द आखायची, विजेच्या तारा आणि विहिरीवरची झाडं बघून ठेवायची. मग उडवायचं. मग सगळं धुऊन, आवरून पुढच्या गावाला. सकाळी दहाच्या सुमाराला वारा सुटतो आणि थेंब भरकटायला लागतात, म्हणून थांबायचं ते थेट चार वाजेपर्यंत.

एक एकर इथं, दीड एकर तिथं असं फिरलं की दिवसाकाठी सहा एकर होतात. त्याचा दर एकरी सहाशे. म्हणजे छत्तीसशे रुपये, त्यातनं डिझेल, सोबतच्या पोराची हजेरी, आणि दर चार्जिंगला थोडी थोडी मरत जाणारी बॅटरी. तेच लगतचे वीस एकर एका दिवशी मिळाले तर बारा हजार. यंत्र तेच, माणसं तीच. फरक फक्त बांधाचा.

म्हणून शेजारी कोण, हे आधी.

[जुने फोटो : पदवी, प्रशिक्षणाचं मैदान.]

हा कृषी पदवीधर. नोकरीच्या परीक्षा देऊन दमलेला. २५ ऑगस्ट २०२१ला देशात नवे ड्रोन नियम आले. आधीच्या नियमांत पंचवीस फॉर्म होते, ते पाचावर आले. दहावी पास, वय अठरा ते पासष्ट आणि मान्यताप्राप्त संस्थेचं प्रशिक्षण, एवढ्यावर पायलटचं प्रमाणपत्र मिळायला लागलं. जानेवारी २०२२मध्ये केंद्राच्या कृषी यांत्रिकीकरण उपअभियानात ड्रोनलाही अनुदान आलं. अवजारं भाड्यानं देण्याचं केंद्र काढणाऱ्या कृषी पदवीधराला निम्मी किंमत, जास्तीत जास्त पाच लाख. उरलेल्याला बँकेचं कर्ज.

ड्रोन आला, नारळ फुटला. गिऱ्हाईक?

पहिला खर्च फ्लेक्सचा. चौकात, स्टँडवर, दूध डेअरीसमोर. 'आमच्याकडे ड्रोनद्वारे फवारणी करून मिळेल.' खाली नंबर, वर स्वतःचा गॉगलमधला फोटो. फोन आले तीन. एक विम्यावाल्याचा, एक लग्नाच्या शूटिंगसाठी, आणि एक "भाडं किती, उगं आपलं विचारलं" असा. फ्लेक्स मात्र वाया गेले नाहीत. आजही एका वैरणीच्या गंजीवर पावसाळ्यात तो गॉगलमधला फोटो पसरलेला असतो.

मग रील. सूर्योदय, उसावरून जाणारा ड्रोन, मागं दणक्याचं संगीत. बघणारे पुष्कळ. कमेंट बीडच्या, बेळगावच्या, एक तर दुबईची. ह्या शिवारातली एकही नाही. दुबईच्या माणसाचा ऊस कसा फवारणार?

दोष रीलचा नाही. लग्नाचं, प्लॉटच्या जाहिरातीचं शूटिंग करणाऱ्यांना तिथूनच कामं मिळतात, कारण त्यांचं गिऱ्हाईक विकत घेतं ते चित्रच. उसाचा मालक चित्र बघून खूष होईल, पण आपल्या उसाला औषध लागलं का, हे चित्रात दिसत नाही. त्याची शंका साधी आणि रास्त.

[बांधावर बसलेले एक आबा. कॅमेऱ्याकडे न बघता बोलतात.]

"पाठीवरच्या पंपानं एकराला दीडशे-दोनशे लिटर पाणी जातंय. आन् ह्यो म्हणतोय धा लिटरात. धा लिटरात एकर भिजतोय व्हय? म्हशीला तरी पुरंल का?"

ह्या प्रश्नाला माहितीपत्रकानं उत्तर देता येत नाही. त्यानं दिलं ते पिवळ्या कागदानं.

[जवळून : पानाला टाचलेला पिवळा कागद.]

हा कागद पाण्याचा थेंब पडला की तिथं निळा होतो. फवारणीचं मोजमाप करणाऱ्यांच्या जगात जुनीच वस्तू, पण शिवारात कुणी पाहिलेली नव्हती. त्यानं तीन कागद लावले. एक शेंड्याला, एक मधल्या पानाला, एक पार खाली. टाकीत नुसतं पाणी घातलं. ड्रोन एकदा वरून गेला आणि कागद काढून आबांच्या हातात दिले.

शेंड्याचा कागद बारीक निळ्या ठिपक्यांनी भरलेला. मधला बरा. खालच्यावर ठिपके मोजण्याइतके.

इथं दुसरा कुणी खालचा कागद खिशात घातला असता. हा म्हणाला, "आबा, खाली कमीच जातंय. पंख्याच्या वाऱ्यानं पानं हलत्यात म्हणून तेवढं तरी पोचतंय."

आबांना ह्या शिवारातलं २००२ साल आठवतं. जुलैमध्ये लोकरी मावा (उसावरची कीड) आला तो ह्याच सांगली जिल्ह्यात पहिल्यांदा दिसला आणि मग राज्यभर पसरला. उसाची पानं कापसासारखी पांढरी पडली होती. मावा बसतो पानाच्या मागच्या अंगाला, म्हणजे वरून पडणाऱ्या थेंबाला जिथं पोचणं अवघड तिथंच. आबांनी तेच विचारलं. पोरगा म्हणाला, "मागच्या अंगाला हातानं मारल्यागत बसणार न्हाई. पण डोक्याच्या वर गेलेल्या उसात हातानं मारायला शिरणार कोण?"

आता गप्प बसायची पाळी आबांची होती. कारण ते खरं आहे. पाच-सहा महिन्यांच्या आडसाली (पावसाळ्यात लावलेल्या, दीड वर्षाच्या) उसात पाठीवर पंप घेऊन शिरणं म्हणजे पानांच्या धारेनं अंग चिरून घेणं आणि औषधाचा फवारा स्वतःच्या तोंडावर घेणं. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशी फवारताना विषबाधेनं वीसहून अधिक माणसं गेली. कापूस तर उसापेक्षा बुटका. त्यानंतर फवारणीला मजूर मिळणं आणखीच अवघड झालं आणि मिळाला तरी घरच्यांचा जीव टांगणीला.

त्याला पहिलं खरं गिऱ्हाईक मिळालं ते त्या खालच्या कागदानं. आबांनी संध्याकाळी पारावर सांगितलं ते एवढंच, "पोरगं खोटं बोलत न्हाई."

[पारावरची बैठक. दुरून.]

हुमणीचंही, म्हणजे उसाची मुळं खाणाऱ्या अळीचंही, तसंच. पावसाळ्यात ऊस पिवळा पडला, वाळायला लागला की लोक घाबरून फोन करतात. हा जातो, एक बेट उपटून मुळं बघतो. हुमणी निघाली तर सांगतो, ही मातीत असते, वरून फवारून हिचा केसही वाकडा होणार नाही, पैसे घालवू नका. त्या दिवसाचं पेट्रोल पदरचं. पण तो माणूस पुढं ज्याला-त्याला ही गोष्ट सांगत सुटतो.

[साखर कारखान्याचं गट ऑफिस. मोटरसायकलवरचा माणूस.]

आता ह्या धंद्यातल्या सगळ्यात मोलाच्या माणसाची ओळख. हा चिटबॉय. साखर कारखान्याच्या शेती विभागातला, गटागटात फिरणारा. पद लहान, पण गावातल्या कुठल्या गटात कुणाची लागण, कोणत्या तारखेची, आडसाली की खोडवा (तोडणीनंतर पुन्हा फुटलेला), जात ८६०३२ की २६५, हे ह्याच्या वहीत. आपला ड्रोनवाला महिनाभर त्याच्यामागं मोटरसायकलवर हिंडला. चहा त्यानं पाजला, हे सांगायला नकोच.

त्यातून जे हाती आलं त्याला कुठली जाहिरात करून देणार? एकाच पंधरवड्यात लागण केलेले, एकमेकांना लागून असलेले प्लॉट. म्हणजे एकाच आठवड्यात, एकाच औषधाची गरज असलेले शेजारी. मग हा त्यातल्या एकाकडे जातो आणि म्हणतो, "तुमच्या वरच्या अंगाच्या आण्णांचं बुधवारी मारतोय. मधी तुमचंच तेवढं ऱ्हातंय."

'मधी तुमचंच तेवढं ऱ्हातंय' ह्या चार शब्दांत एवढी ताकद आहे, की विपणनाच्या वर्गात शिकवावेत. आपल्याकडचा माणूस शेजाऱ्याच्या उसाकडे रोज बघतो. शेजाऱ्यानं काही मारलं आणि आपण नाही, हे त्याला झोप लागू देत नाही.

कृषी सेवा केंद्राचा दुकानदार हा दुसरा दरवाजा, पण तिथं सांभाळून जावं लागतं. पिकाची तक्रार घेऊन शेतकरी पहिल्यांदा त्याच्याच काउंटरवर येतो. एप्रिल २०२२मध्ये केंद्रानं ४७७ नोंदणीकृत कीटकनाशकं ड्रोननं मारायला तात्पुरती परवानगी दिली. त्या यादीची छापील प्रत ह्यानं तीन दुकानांत नेऊन दिली. बाटली विकली की दुकानदार आता विचारतो, "मारणार कशानं?" आणि नंबर देतो.

[द्राक्षबागेची कड. पलीकडे ऊस.]

आणि हा त्याचा सगळ्यात महागडा नकार.

ह्या भागात उसाच्या बांधाला द्राक्षबाग असते. उसातल्या तणाला टू-फोर-डी मारायची जुनी सवय. हातपंपानं, खाली धरून मारली तर एक वेळ ठीक. ड्रोननं मारली आणि वाऱ्याची एक झुळूक आली, तर पलीकडच्या द्राक्षाची पानं वळून बोटासारखी होतात आणि बागेचं वर्ष जातं. लाखाची बाग, सहाशे रुपयांसाठी.

चौदा एकरांचा मालक म्हणाला, तणनाशकही तूच मार, नाहीतर सगळंच काम दुसऱ्याला देतो. हा नाही म्हणाला. चौदा एकर गेले. त्या हंगामात ते परत आले नाहीत, त्याच्या पुढच्याही नाही. कधी कधी खरं वागल्याचं फळ मिळत नाही, एवढंच. बांधापलीकडचा द्राक्षवाला मात्र आता वाऱ्याचा अंदाज विचारायला ह्यालाच फोन करतो. त्याचे पैसे मिळत नाहीत.

[वही. पानांवर नावं आणि आकडे.]

गिऱ्हाईक मिळणं एक आणि पैसे मिळणं वेगळं. "बिल आलं की देतो" हे इथलं चलन. बिल म्हणजे उसाचं. कायद्यानं ऊस घातल्यापासून चौदा दिवसांत पैसे द्यायचे असतात, पण आडसाली ऊस तोडीला येतो तोच सोळा-अठरा महिन्यांनी. बँकेचा हप्ता मात्र दर महिन्याला. म्हणून त्यानं दोन दर केले. त्याच दिवशी दिले तर पाचशे पन्नास, बिलावर ठेवले तर सहाशे. पन्नास रुपयांसाठी कनवटीचे पैसे बाहेर येतात, हे त्याला त्याच्या आईनं सांगितलं. ती वीस वर्षं घरून साड्या विकते.

शेजारच्या गावात आता महिला बचत गटाकडेही ड्रोन आला आहे. नमो ड्रोन दीदी योजनेत गटांना ऐंशी टक्के, आठ लाखांपर्यंत मदत मिळते. ह्याचं अनुदान पाच लाखांपर्यंत, त्यामुळे दराची झुंज लावण्यात अर्थ नव्हता. तो गटाच्या पायलट ताईंना जाऊन भेटला. ठरलं असं : ओढ्याच्या अलीकडचं ह्याचं, पलीकडचं त्यांचं, आणि कुणाच्या बॅटरीनं दगा दिला तर दुसऱ्यानं द्यायची. कागद नाही, सही नाही. आजवर दोनदा बॅटऱ्या इकडून तिकडे गेल्यात आणि एकदा तिकडून इकडे.

[दुपार कललेली. दोन शेतं, मधे बांध. बांधावर एकच जांभळाचं झाड.]

सकाळच्या त्या फोनकडे परत येऊ. एक एकर. शेजारी कोण, ह्या प्रश्नावर बऱ्याच वेळानं उत्तर आलं होतं.

"थोरला भाऊ हाय. पर आमी बोलत न्हाई."

वाटणीत ह्या बांधाची हातभर जागा कुणाची, यावरून अकरा वर्षं अबोला. झाडाची जांभळं दोघंही काढत नाहीत, पोरं आणि पाखरं खातात. ड्रोनवाल्यानं थोरल्याला वेगळा फोन केला. धाकट्याचं नाव घेतलं नाही. "आज त्या बाजूला येतोय, तुमचंबी दीड एकर मारून टाकू का?" एवढंच. त्याच्या पलीकडचे आणखी तिघं आधीच तयार होते. सव्वासहा एकर, एका लगत.

चार वाजता ड्रोन उठतो. धाकट्याच्या टोकाकडून निघतो, जांभळाला वळसा घालतो, थोरल्याच्या हद्दीत जातो, वळून परत येतो. एका टोकाला एक भाऊ उभा, दुसऱ्या टोकाला दुसरा. दोघांच्या माना एकाच वेळी वर, एकाच वेळी डावीकडे, एकाच वेळी उजवीकडे.

[ड्रोन उतरतो. पंखे थांबतात. पावतीपुस्तक.]

पावत्या दोन फाडल्या जातात. धाकटा रोख देतो. थोरला पावती हातात घेऊन उलटसुलट बघतो, मग मान न वळवता हळूच विचारतो,

"त्याला कितीनं लावलं?"

"तेवढंच, मामा."

"मग ऱ्हाऊ दे." आणि तो कनवटीला हात घालतो.