मांडवीपलीकडचा बिशप

दिवाडी बेटाचा उत्तरेकडचा काठ आणि समोरचे नार्वे यांच्यामध्ये मांडवीचे पात्र इतके अरुंद आहे की, फेरीबोट अल्प वेळात पलीकडे पोहोचते. आज दोन्ही काठ गोव्याचेच आहेत. सतराव्या शतकात मात्र ही नदी दोन राज्यांची सरहद्द होती. अलीकडे तिसवाडीत पोर्तुगीज सत्ता आणि पलीकडे डिचोलीच्या मुलखात विजापूरच्या आदिलशहाचा अंमल. बेटावरचे सप्तकोटेश्वराचे देऊळ पोर्तुगिजांनी पाडले, तेव्हा त्या देवाचे स्थलांतर याच पात्रापलीकडे नार्व्याला झाले आणि पुढे १६६८ मध्ये छत्रपती शिवाजी महाराजांनी तेथील मंदिराचा जीर्णोद्धार केला. हा संदर्भ येथे देण्याचे कारण असे की, याच बेटावर जन्मलेल्या एका ख्रिस्ती धर्मगुरूलाही आपले काम करण्यासाठी अखेर पलीकडच्याच तीराचा आसरा घ्यावा लागला. लॅटिन विधीचे, म्हणजे रोमच्या उपासनापद्धतीचे, पहिले भारतीय बिशप मातेउश द कास्त्रो ते हेच.

त्यांचा जन्म १५९४ च्या सुमारास दिवाडीवरील नावेली गावात, ख्रिस्ती झालेल्या एका ब्राह्मण कुटुंबात झाला. बार्देसच्या किनाऱ्यावरील रेइश मागुश येथे, फ्रान्सिस्कन पाद्र्यांच्या विद्यालयात त्यांचे शिक्षण झाले. पाद्री होण्याची त्यांची इच्छा होती आणि त्यासाठी लागणारी विद्याही त्यांच्यापाशी होती. परंतु तत्कालीन आर्चबिशपांचा स्थानिकांना गुरुदीक्षा देण्यास विरोध होता. अशा वेळी बहुतेकांनी दुसरी वाट धरली असती. मातेउश यांनी थेट रोम गाठायचे ठरवले. गोव्याहून युरोपला जाणारा समुद्रमार्ग पोर्तुगीज जहाजांच्या ताब्यात होता, म्हणून ते खुष्कीच्या मार्गाने निघाले आणि १६२५ मध्ये रोमला पोहोचले.

त्यांच्या पुढच्या आयुष्याचा उलगडा होण्यासाठी तेव्हाची व्यवस्था समजून घ्यायला हवी. ‘पाद्रोआदो’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या अधिकारानुसार पूर्वेकडील धर्मप्रांतांत बिशप नेमण्याचा मान पोपने पोर्तुगालच्या राजाला दिला होता आणि त्या बदल्यात धर्मकार्याचा खर्च राजाने उचलायचा होता. परिणामी गोव्याचा आर्चबिशप हा धर्माचा अधिकारी असला, तरी त्याची निवड लिस्बनच्या दरबारात होत असे. धर्मप्रसार राजसत्तेच्या हातून काढून आपल्याकडे घ्यावा, या हेतूने रोमने १६२२ मध्ये ‘प्रोपागांडा फिदे’ ही संस्था स्थापन केली. तिचे पहिले सचिव फ्रांचेस्को इंगोली हे स्थानिक धर्मगुरू तयार झाले पाहिजेत, या मताचे कट्टर पुरस्कर्ते होते. मातेउश यांची गाठ या माणसाशी पडली, हे त्यांचे मोठेच भाग्य म्हटले पाहिजे. रोममध्ये शिकून १६३० च्या सुमारास त्यांना गुरुदीक्षा मिळाली. त्यानंतर ते गोव्याला परतले, तर रोमने दिलेली त्यांची कागदपत्रे मानायलाच येथील अधिकाऱ्यांनी नकार दिला. ते पुन्हा रोमला गेले. पोप आठवे अर्बन यांच्या कारकिर्दीत, १६३७ मध्ये, त्यांना बिशपपदाचा अभिषेक झाला आणि विजापूरच्या राज्यासाठी ‘व्हिकार अपोस्तोलिक’, म्हणजे थेट पोपच्या वतीने काम पाहणारा अधिकारी, म्हणून त्यांची नेमणूक झाली.

या नेमणुकीतच पुढच्या संघर्षाचे मूळ होते. पोर्तुगीज हद्दीत रोमला परस्पर बिशप नेमता येत नव्हता. आदिलशाही मुलखात मात्र तशी आडकाठी नव्हती. म्हणून मातेउश यांनी डिचोलीत आपले ठाणे केले. गोव्याच्या आर्चबिशपांच्या राजधानीपासून हे ठिकाण हाकेच्या अंतरावर म्हणावे इतके जवळ होते. ज्यांना गोव्यात दीक्षा मिळत नव्हती, अशा गोमंतकीय तरुणांना ते डिचोलीत दीक्षा देऊ लागले. गोव्यातील धर्माधिकाऱ्यांनी या दीक्षा मानल्या नाहीत आणि वाद इतका चिघळला की, मातेउश यांना पुन्हा रोमची वाट धरावी लागली. मधल्या काळात इथियोपियाची जबाबदारीही त्यांच्यावर आली, परंतु ते काम पुढे सरकले नाही.

१६५३ मध्ये त्यांनी गोव्यातील ब्राह्मणांना उद्देशून एक लेख लिहिला. ‘ब्राह्मणांचा आरसा’ असा त्याच्या पोर्तुगीज नावाचा अर्थ. पोर्तुगीज सत्तेखाली आपल्या लोकांना मिळणाऱ्या वागणुकीबद्दलचा संताप त्यात उघडपणे व्यक्त झाला आहे. पुढच्याच वर्षी विजापूरच्या फौजा बार्देस आणि साष्टीत घुसल्या आणि त्यामागे मातेउश यांची चिथावणी असल्याचा ठपका पोर्तुगिजांनी ठेवला. अन्यायाविरुद्ध त्यांनी दाखवलेली जिद्द असामान्य होती, याविषयी दुमत होण्याचे कारण नाही. तरीही एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे. गोऱ्या पाद्र्यांच्या वंशाभिमानावर प्रहार करणारा हा माणूस स्वतःच्या जातीचा अभिमान सोडू शकला नाही. त्यांचे आवाहन प्रामुख्याने आपल्या जातबांधवांना होते. गोव्यातील इतर ख्रिस्ती समाजांना त्या लढ्यात बरोबरीचे स्थान नव्हते. त्यांची थोरवी मान्य करताना ही मर्यादा झाकून ठेवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

१६५८ मध्ये ते कायमचे रोमला गेले आणि तेथेच १६७७ मध्ये त्यांचे निधन झाले. मात्र त्यांनी उघडलेली वाट बंद झाली नाही. १६६९ मध्ये वेर्णे गावचे कुश्तोदिओ द पिन्यो यांची विजापूर आणि गोवळकोंड्यासाठी व्हिकार अपोस्तोलिक म्हणून नेमणूक झाली. मातेउश यांचे पुतणे तोमाश द कास्त्रो यांच्याकडे कानडा प्रदेशाची जबाबदारी आली. गोव्याच्या सीमेबाहेर गोमंतकीय बिशप होऊ लागले होते. खुद्द गोव्याच्या आर्चबिशपपदी गोमंतकीय धर्मगुरू येण्यासाठी मात्र १९७८ साल उजाडावे लागले. त्या वर्षी राऊल निकोलाव गोन्साल्विस आर्चबिशप झाले. २००४ मध्ये त्यांच्यानंतर त्या पदावर आलेले हळदोणे येथील फिलिप नेरी फेर्राव यांना २७ ऑगस्ट २०२२ रोजी पोप फ्रान्सिस यांनी कार्डिनल केले.