जबड्याची रेघ कुठे तुटते

(दृश्य: म्हापसा, शुक्रवारचा बाजार)

सकाळचं तिरकं ऊन चेहऱ्यांवर पडलंय. फुलं विकणाऱ्या मुलीच्या कानापासून हनुवटीपर्यंत एकच अखंड रेघ दिसते. शेजारी बसलेल्या तिच्या आईची रेघ हनुवटीच्या जरा मागे तुटते. तिथे गालाची लहानशी पिशवी लोंबते, आणि पुढे रेघ पुन्हा सुरू होते.

ती नेमकी तिथेच तुटते, याला कारण आहे. हनुवटीच्या बाजूला एक चिवट बंध त्वचेला जबड्याच्या हाडाशी जखडून ठेवतो. वयानुसार गालाची चरबी आणि कातडी खाली सरकते, या बंधाशी अडते आणि त्याच्या मागे साचते. त्याच वेळी बंधाच्या पुढचं हाड झिजून तिथे खळगा पडतो. दाढा काढून जागा रिकामी ठेवली, तर तिथलं हाड आणखी लवकर झिजतं. अशांनी आधी दंतवैद्य गाठावा.

आणि ऊन. होडीवर, मिठागरात, किनाऱ्यावर काम करणारा माणूस टोपी घालतो, पण पाण्यावरून आणि वाळूवरून परतणारं ऊन खालून थेट जबड्याला लागतं. सनस्क्रीन चेहऱ्यावर लावतो तसंच ते जबड्याखाली आणि मानेलाही लागलं पाहिजे. ओघळलेला गाल मात्र कुठलीही क्रीम उचलत नाही.

(दृश्य: हातातला आरसा)

आरसा घेऊन उताणं पडा. पडल्यावर रेघ परत आली आणि बसल्यावर पुन्हा गेली, तर आतले थर सैल झालेत. पडूनही हनुवटीखाली जाड गादी राहिली, तर चरबी जास्त आहे. हनुवटीच मुळात मागे असेल, तर उणीव हाडाची आहे. उपाय यावरून ठरतो. मैत्रिणीला काय लागू पडलं, त्यावरून ठरत नाही.

हाड कमी पडत असेल तर हायल्युरोनिक ॲसिडचा फिलर, म्हणजे सुईने आत भरायची जेल, चांगलं काम देतो. सिरिंज सहसा 1 मिलीची असते. हनुवटी आणि दोन्ही बाजू मिळून साधारण 2 ते 4 मिली लागतो, आणि तो वर्ष-दीड वर्ष टिकतो. तो पिशवीच्या पुढच्या खळग्यात, हनुवटीवर आणि कानाखालच्या कोपऱ्यावर, खोल हाडालगत भरायचा असतो. लोंबणाऱ्या पिशवीत भरला की तीच जड होते आणि चेहरा चौकोनी दिसू लागतो. फिलरमध्ये सर्वांत जास्त दिसणारी चूक हीच.

आता दात घट्ट मिटा. जबड्याच्या कोपऱ्याशी स्नायूचा गोळा वर येतो. त्याच्या पुढच्या काठाला, हाडावर बोट टेका. नाडी लागेल. चेहऱ्याची मुख्य धमनी इथून हाड ओलांडून वर जाते. फिलर तिच्यात गेला तर त्वचा पांढरी पडते, ठणकते, मग जाळीसारखे जांभळट डाग उमटतात. अशा वेळी फिलर विरघळवणारं हायल्युरोनिडेज ताबडतोब टोचावं लागतं. ते मागवावं लागेल असं जिथे सांगतात, तिथे फिलर घेऊ नका. कॅल्शियमचे फिलर या औषधाने विरघळत नाहीत, म्हणून फिलर कुठला आहे, हेही आधीच विचारून घ्या.

मानेचा पातळ, रुंद स्नायू जबड्याला सतत खाली ओढत असतो. जबड्याच्या कडेला आणि मानेच्या पट्ट्यांत बोटॉक्सचे, म्हणजे स्नायू सैल करणाऱ्या इंजेक्शनचे, छोटे डोस दिले की ती ओढ सैलावते. दोन आठवड्यांत पूर्ण परिणाम दिसतो आणि तीन-चार महिन्यांत ओसरतो. डोस जास्त किंवा खोल गेला तर गिळायला त्रास होतो, तोंडाच्या कोपऱ्याजवळ गेला तर हसू वाकडं होतं. न उघडलेली बाटली 2 ते 8 अंशांत ठेवायला हवी. पावसाळ्यात वीज तासन्‌तास जाते, तेव्हा फ्रिजला बॅकअप आहे का, हे विचारण्यात संकोच नको.

हायफू, म्हणजे ध्वनिलहरींनी त्वचेखाली 3 आणि 4.5 मिलिमीटरवर दिलेली उष्णता. हळूहळू, दोन-तीन महिन्यांत थोडा घट्टपणा येतो. आधीच सुकलेल्या चेहऱ्यावर तो करू नये, उरलीसुरली चरबीही जाते.

(दृश्य: पणजीचा पूल, स्कूटरींची रांग)

थ्रेड लिफ्टमध्ये काटेरी धागे टोचून गाल वर ओढतात. पीडीओ या पदार्थाचे धागे सहा ते आठ महिन्यांत विरतात. हलक्या सैलपणाला ते ठीक, जड गालाला मात्र ती उसनी ओढ पेलत नाही. पहिले दोन-तीन आठवडे तोंड मोठं उघडायचं नाही, दातांचं काम नाही, कुशीवर झोपणं नाही. हेल्मेटचा पट्टा नेमका धाग्यांच्या वाटेवर येतो, म्हणून तेवढे दिवस स्कूटर बंद. हेल्मेट बंद असं कुणी समजू नये. तुळशीच्या लग्नानंतरची लग्नसराई गाठायची असेल तर दीड महिना आधी करा. दहा दिवस आधी केलं तर फोटोत सुरकुतलेले खड्डे आणि निळे डाग येतील.

हनुवटीखालची चरबी लायपोसक्शनने निघते, पण कातडी ताठ असेल तरच. सैल कातडीखालून चरबी काढली की रिकामी पिशवी उरते.

पडल्यावर परतणारी आणि बसल्यावर पुरती मोडणारी रेघ खरी सावरते ती फेसलिफ्टने. कानाभोवती छेद घेऊन त्वचेखालचा स्मास हा थर उचलून बांधतात. मिट्झ आणि पेरोनी या शल्यचिकित्सकांनी 1976 मध्ये त्याचं वर्णन केलं. त्याआधी बहुतेक वेळा कातडीच ताणली जाई. चेहरा ओढलेला दिसे, व्रण रुंदावत, कानाची पाळी खाली खेचली जाई. आजही कुणी फक्त कातडी ताणली तर हेच होतं.

धूम्रपान आधी आणि नंतर किमान चार आठवडे बंद हवं, नाहीतर कानामागची त्वचा काळी पडून मरते. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या स्वतःहून थांबवू नका, त्या लिहून देणाऱ्या डॉक्टरांना विचारा. रक्तदाब ताब्यात नसेल तर तारीख पुढे ढकला.

शस्त्रक्रियेनंतर पहिल्या रात्री एका बाजूला अचानक ठणका लागून सूज वाढू लागली, तर आत रक्त साचतंय. पुरुषांत हे जास्त होतं. ते त्याच रात्री काढावं लागतं, सकाळपर्यंत थांबता येत नाही. काणकोण किंवा पेडण्याच्या टोकाला राहणाऱ्यांनी ती रात्र रुग्णालयातच काढावी.