काटल: बिलातला हिवाळी वेढा

[दृश्य: पहाटेचं धुकं. उघड्या पाण्यात जलपर्णीचा गोल हिरवा तुकडा, कडेनं बांबू.]

जलपर्णीचा हा तुकडा ऑक्टोबरमध्ये इथे बांधून ठेवला होता. त्याच्या खाली झाडांच्या फांद्यांची रास आहे आणि फांद्यांमध्ये मासे. मासे गोळा करून पकडायच्या या रचनेला आसामात काटल म्हणतात, काही भागांत जेंग. कटला मासा वेगळा. तोही काटलात सापडतो, म्हणून नावांचा घोळ नको.

हे पाणी एकेकाळी नदीचंच पात्र होतं. सपाटीवर नदी वळणं घेत वाहते. वळणाची मान झिजत झिजत तुटली की नदी सरळ वाट धरते आणि जुनं वळण मागे राहतं. आपल्या भूगोलात ते नालाकृती सरोवर, ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यात ते बील. मोरीगाव जिल्ह्यातल्या जोनबिलाच्या नावातच त्याचा आकार आहे. जोन म्हणजे चंद्र.

[दृश्य: बिलाला नदीशी जोडणारा अरुंद ओढा.]

काही बिलं नदीपासून कायमची तुटली. काहींना असा एखादा ओढा अजून नदीशी जोडून ठेवतो, आणि बिलाची सगळी कमाई या ओढ्यातून येते. रोहू, कटला, मृगळ साचलेल्या पाण्यात अंडी घालत नाहीत, त्यांना पुराचं वाहतं पाणी लागतं. पावसाळ्यात नदी फुगली की पाणी ओढ्यातून उलटं बिलात शिरतं आणि सोबत पिल्लं घेऊन येतं. सप्टेंबरनंतर पाणी परत फिरतं. तेव्हा माशापुढे दोनच वाटा असतात: पाण्याबरोबर नदीत जायचं, नाहीतर बिलातच आडोसा शोधायचा. काटल घालायची वेळ हीच.

[दृश्य: होडीतून फांद्या उतरवणं.]

जागा चुकली तर पुढचे तीन महिने वाया. ऐन हिवाळ्यातही पुरुषभर पाणी टिकेल अशी जागा हवी. काठाजवळचं काटल जानेवारीत उघडं पडतं, ओढ्याच्या तोंडाशी घातलेलं ओढीनं विस्कटतं. फांद्या टणक लाकडाच्या आणि खूप फाटे असलेल्या लागतात. हिजल या पाणथळ झाडाची फांदी पाण्यात चांगली टिकते. पानं आधी झडू द्यायची. ओली पानं पाण्यात कुजतात, प्राणवायू खातात आणि मासा काटलाकडे फिरकत नाही. फांद्या तिरक्या रोवायच्या, मधून मोठा मासा फिरेल एवढी वाट ठेवायची. गच्च भरलेल्या काटलात बारीक मासाच जास्त मिळतो. वर जलपर्णी पसरायची आणि ती वाऱ्यानं वाहून जाऊ नये म्हणून भोवती बांबूचं कडं बांधायचं.

[दृश्य, जवळून: पाण्यातून काढलेली फांदी, तिच्यावर बोट फिरतं.]

दोन महिन्यांनंतरची ही फांदी. बोट लावलं की घसरतं. हा बुळबुळीत थर म्हणजे शेवाळ आणि त्यात राहणारे बारीक जीव. रोहू तो ओठांनी खरवडून खातो. आडोसा आणि अन्न एकाच जागी मिळतं, म्हणून पाणी आटत जातं तसा मासा इथे गोळा होतो. या काळात काटलाजवळून होडी नेत नाहीत, जाळंही टाकत नाहीत.

[दृश्य: माणसं पाण्यात उतरतात. होड्या काटलाभोवती गोल फिरत जाळं सोडतात.]

वेढा सकाळी लवकर पडतो. गार पाण्यात मासा मंद असतो. ऊन वर आलं की तो उड्या मारू लागतो. जाळ्याची उंची पाण्याच्या खोलीच्या दीडपट तरी हवी. वरची दोरी बांबूंवर उचलून पाण्याच्या हातभर वर धरतात, कारण वेढ्यातला कटला जाळ्यावरून सहज उडी घेतो. खालची वजनाची दोरी मात्र डोळ्यांना दिसत नाही. तिथे माणसं बुडी मारतात, पायानं दोरी चिखलात दाबतात, जागोजागी खुंट्या ठोकतात. तळाला वीतभर फट राहिली तरी निम्मा मासा तिथून जातो. वरून सगळं ठीक दिसत असतं, आणि शेवटी जाळं रिकामं निघतं. बुडी मारणारा माणूस पक्का नसेल तर वेढा घालूच नये.

मग जलपर्णी काढायची. ती तशीच बाहेर फेकत नाहीत. प्रत्येक जुडी आधी वेढ्याच्या आत झटकतात, कारण मुळांच्या झुपक्यात कोळंबी आणि शिंगी मासे अडकून बसलेले असतात. शिंगीच्या काट्यात विष असतं, त्यामुळे हात जपून घालावा लागतो. काढलेली जलपर्णी काठावर न्यावी. पाण्यातच सोडली तर ती कुजून तळाला बसते आणि दरवर्षी बील थोडं उथळ होतं.

फांद्या एकेक करून उभ्या उचलायच्या. ओढत नेली तर फांदी जाळं फाडते. फांद्या कमी होतात तसा वेढा आत घेतात. पाणी गढूळ होतं, तळाचा काळा चिखल वर येतो, प्राणवायू घटतो, मासे तोंडं वर काढून हवा घेऊ लागतात. इथे रेंगाळलं तर मासा जाळ्यातच मरतो. मागूर, शिंगी आणि वांब चिखलात शिरतात. त्यांच्यासाठी बांबूचं पोलो, म्हणजे बिनतळाची टोपली, चिखलात दाबतात आणि वरच्या तोंडातून हात घालून चाचपतात.

[दृश्य: वेढ्याच्या शेवटच्या घेरात मासे. हात मासे निवडतात.]

मोठे मासे घेऊन पिल्लं सोडायची ही निवड पाण्यातच व्हायला हवी. होडीत टाकून मग सोडलेलं पिल्लू सहसा जगत नाही. मच्छरदाणीच्या कापडाचं जाळं वापरलं तर निवडीचा प्रश्नच उरत नाही, सगळंच मरतं. काटलावरचा खरा आक्षेप हाच आहे, आणि तो योग्य आहे. मरळ आणि बारीक माशांच्या अंगावर लाल जखमा आहेत का तेही बघायचं. बुरशीसारख्या जीवामुळे होणारा जखमांचा हा रोग 1988 मध्ये ईशान्येकडूनच भारतात पसरला आणि तो थंडीतच जोर धरतो. रोगट मासा परत पाण्यात टाकू नये, त्या पाण्यातली जाळी उन्हात कडकडीत वाळवल्याशिवाय दुसऱ्या बिलात नेऊ नयेत.

[दृश्य: बंधारा, बंद झडप, पलीकडे नदी.]

15 ऑगस्ट 1950 च्या भूकंपानं डोंगर खचले, ब्रह्मपुत्रेत गाळ उतरला आणि तिचा तळ वर आला. 1954 नंतर पूर अडवायला नदीकाठी लांबच लांब बंधारे उभे राहिले. गावं वाचली, पण अनेक बिलांचे ओढे बंधाऱ्याखाली गेले. जिथे झडपा आहेत तिथे त्या पुरात बंद ठेवतात, आणि पिल्लं नेमकी तेव्हाच येतात. जिथे ओढा मोकळा आहे तिथे पाणी उतरताना काही जण त्यात बाना, म्हणजे बांबूची चटई, आडवी लावतात. मग मोठा मासा नदीकडे परतत नाही. एका हंगामात हाती जास्त येतं, पण पुढच्या पुरात अंडी घालायला मादी उरत नाही.

1 एप्रिल ते 15 जुलै अंडी घालणाऱ्या माशांच्या मासेमारीला राज्यात बंदी असते. पण मोठ्या माद्या त्याआधीच काटलात सापडून गेल्या, तर बंदीत वाचवायला काही राहत नाही.

[दृश्य: मोकळ्या पाण्यात पुन्हा फांद्या रोवणं. दूर एक न उघडलेलं काटल.]

काढलेल्या फांद्या धुऊन पुन्हा त्याच जागी लावतात. त्यांत मासा परत धरायला महिनाभर तरी जातो. ओढ्याजवळचं खोल पाण्यातलं ते काटल मात्र कुणी उघडणार नाही. जूनमध्ये नदीचं पाणी आत येईपर्यंत ते तसंच राहील.